चाळीस मिनिटांचा तग

मेलेल्या माशाचा फोटो कसा काढायचा हे कुंदा उमाळेला कुणी शिकवायची गरज नव्हती. एकोणीस वर्षं तिचा हाच धंदा. कोलकात्याहून माशांचं खोकं आलं, की पिशवी फोडायच्या आधी, दोन तासांच्या आत, मेलेल्यांचा फोटो पाठवायचा. पिशवीची गाठ शाबूत दिसली पाहिजे, मासा उताणा दिसला पाहिजे, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवायचं. उशीर झाला की मासा तुमच्याच हातात मेला असं धरतात आणि समोरचा कानावर हात ठेवतो. नवरा गेल्यावर अकोल्यासारख्या गावात तिनं 'उमाळे फिश हाउस' एकटीनं चालवलं ते काही गोड बोलून नव्हे. फोटो काढून चालवलं.

तिची हीच सवय तराजूला आवडली, आणि तिथून गल्लीचं आणि तिचं बिनसलं.

तराजू हे त्या यंत्रणेचं खरं नाव नव्हतं. खरं नाव दीड ओळीचं होतं आणि ते फक्त बिलावर दिसायचं. उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसच्या वर जायला लागला, सगळ्या गावाचे कूलर एकदम फिरायला लागले आणि वीज पुरेना, तेव्हा सबंध भागच्या भाग बंद ठेवायची जुनी पद्धत मोडीत काढली गेली. घरोघरी नवे मीटर बसले. लोकांचे इन्व्हर्टर काढून घेऊन गल्लीच्या तोंडाशी एकच मोठी बॅटरी उभी राहिली. कुठलंही उपकरण वीज ओढतं तेव्हा तारेतल्या प्रवाहावर त्याची स्वतःची खूण उमटते. फ्रिजची वेगळी, मिक्सरची वेगळी, टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाची वेगळी. नवा मीटर त्या खुणा वाचायचा. दाराबाहेर बसून घरात काय चालू आहे हे त्याला कळायचं. मग दर तीन मिनिटांनी तराजू एकच गोष्ट ताडून बघायचा: इथली वीज आत्ता तोडली, तर काहीतरी कायमचं बिघडायला किती मिनिटं लागतील? त्या मिनिटांना तो 'तग' म्हणायचा. ज्याचा तग कमी, त्याला वीज आधी.

कल्पना वाईट नव्हती. घोडं एकाच ठिकाणी अडत होतं. यंत्राला उकाडा कळत नाही, त्याला फक्त कळवलेलं नुकसान कळतं. कुंदानं पहिल्याच उन्हाळ्यात त्याला एकसष्ट फोटो कळवले. वीज किती वाजता गेली, पाणी किती तापलं, कुठला मासा कितव्या मिनिटाला उलटला. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो आणि माशाला मात्र तो जास्त लागायला लागतो, त्यामुळे मे महिन्यात पंप थांबला की टाकी म्हणजे दार लावलेली खोली होते. प्रत्येक फोटोनंतर दुसऱ्या दिवशी निरीक्षक यायचा, टाक्या आणि तारा तपासून जायचा. दोन महिन्यांत तराजू शिकला. गोरामी, तीन तास. गोल्डफिश, दीड तास. डिस्कस, चाळीस मिनिटं.

आणि माणसं? त्या गल्लीतल्या बावीस घरांतून दोन वर्षांत एकही तक्रार गेली नव्हती. तराजूनं त्याचा सरळ अर्थ काढला. माणूस, बारा तास.

तक्रार का गेली नव्हती, तर उत्तमराव गावंडेंमुळे. चौतीस वर्षं लाइनमन म्हणून खांब चढलेला माणूस. गल्लीतली लाइन गेली की लोक फोन उचलत नसत, गावंडेंचं दार वाजवत. पोटात भाकर असो नसो, ते पकड घेऊन निघत. त्यांचं एकच म्हणणं असायचं, माह्या गल्लीतून तक्रार गेली तर माह्याच तोंडाले काळं. लोकांनीही ते पाळलं. नव्या मीटरला खांबही नव्हता आणि पकडही चालत नव्हती, पण उपकाराचं ओझं मोठं असतं, नियम तसाच राहिला. भर दुपारी बावीस घरांचे पंखे थांबायचे, आणि गल्लीच्या मधोमध माशांच्या दुकानात सव्वीस टाक्यांमधून बुडबुडे येत राहायचे.

एवढं झाल्यावर गल्लीनं तिच्याकडे प्रेमानं बघावं अशी अपेक्षा कुंदालाही नव्हती.

मे महिन्याच्या सुरुवातीला शटरपुढे केराची बादली उलटलेली सापडली. किराणावाल्यानं साखर संपली म्हणून सांगितलं, तिच्या देखत मागच्या गिऱ्हाइकाला दोन किलो मोजून दिली. प्राणवायूचं सिलिंडर आणून देणारा गावंडेंच्या नात्यातला होता, तो पंधरा दिवस फिरकला नाही. कुंदानं कुणाला विचारलं नाही. पहिल्या उन्हाळ्यानंतर दुकानाची वीज गेलीच नव्हती, सिलिंडर लागतंय कशाला. सेलवर चालणारे चार पंप खणात पडून होते, त्यांतले सेल केव्हाच फुटून गंजले होते. तिनं तेही बघितलं नाही. सुखाची सवय तिलाही लागलीच होती.

एका दुपारी स्वतः गावंडे दुकानात आले. सत्तरी ओलांडलेली, पण अंगकाठी अजून ताठ. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी बसायची खुर्ची बघितली आणि उभेच राहिले.

"उमाळेबाई, तुमच्या मासोया हवा खाऊन राह्यल्या अन् माह्या घरात बाई शिजून राह्यली."

"मंग तक्रार करा, काकाजी. फोनवर दोन मिनिटांचं काम हाये."

"चौतीस वर्षं मी लोकाइच्या तक्रारी मिटवल्या. आता मी करू?"

"नका करू. मशीनले कसं समजणार काकू हायेत म्हणून? तिच्या लेखी तुमच्या घरात समदं आलबेल हाये."

"तुमी फोटो पाठवणं बंद करा. मंग सगळ्याइले सारखी लाइन येईन."

"सारखी नाई येत. माह्ये मासे मरतीन अन् लाइन जाईन पुढच्या रोडवरच्या आईस्क्रीमवाल्याले. तो बी फोटो पाठवते."

गावंडेंनी सात नंबरच्या टाकीकडे बोट केलं. "या दोन मासोयांसाठी?"

"हाव. या दोघांसाठी."

कुंदाला त्या माणसाचा संताप आला होता, आणि त्या संतापात ती हे बोलली. पण ते खोटं नव्हतं. सात नंबरमध्ये डिस्कसची जोडी होती, बशीएवढी, विटकरी रंगाची. डिस्कसला पावसासारखं गोडं पाणी लागतं. अकोल्याचा पट्टा खारपाणाचा. इथल्या बोअरच्या पाण्यात डिस्कस दोन महिने जगला तरी लोक हात जोडत. कुंदानं चौदा वर्षं, नऊ पिढ्या, मरणाऱ्यांमधून जगणारे निवडत असा वाण तयार केला होता जो खाऱ्या पाण्यात नुसता जगत नव्हता, अंडी घालत होता. असा मासा देशात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. तीन जोड्या होत्या. एक जोडी पहिल्या उन्हाळ्यात वीज जाऊन मेली. दुसरी वीज परत येऊन मेली.

हे दुसरं लोकांना खरं वाटत नाही. डिस्कसच्या टाकीला बाहेरून डब्यासारखा मोठा फिल्टर असतो, त्यात घाण खाऊन पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू राहतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. पाणी थांबलं की तासा-दोन तासांत ते मरून सडतात आणि डब्यात काळं विष तयार होतं. वीज आल्याबरोबर फिल्टर ते सगळं एका दमात टाकीत ओततो. म्हणून लाइन आली तरी आधी डबा खोलायचा, धुवायचा, मगच बटण लावायचं. कुंदा हे एका जोडीची किंमत मोजून शिकली होती. उरलेली ही तिसरी. गेल्याच आठवड्यात तिला पिल्लं झाली होती. डिस्कसची पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात; तीसेक टिंबं त्या दोघांच्या अंगाला लटकून फिरत होती. अशा वेळी जोडीला जाळी लावली तर ती स्वतःची पिल्लं गिळते. म्हणजे हलवायची सोय नाही.

हे सगळं गल्लीत एकाच माणसाला माहीत होतं, ते म्हणजे सिंधूकाकूंना, गावंडेंच्या बायकोला. चांगल्या होत्या तेव्हा त्या रोज संध्याकाळी स्टुलावर येऊन बसायच्या आणि सात नंबरकडे बघत भाजी निवडायच्या. फार बोलायच्या नाहीत. मग दिवाळीत त्यांना लकवा झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली. कुंदा दोनदा भेटायला गेली, तिसऱ्यांदा गावंडेंनी दारातून परत पाठवलं. मासोयांपाशी बसा म्हणाले. तो शब्द तिनं गिळला नव्हता, दाढेखाली धरून ठेवला होता.

"दोघांसाठी," गावंडे पुन्हा म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर दहाव्या दिवशी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, दुकान गप्प झालं.

एकोणीस वर्षांत पंपांच्या घरघरीची इतकी सवय झालेली, की ती थांबल्यावर कुंदाला आधी आपले कान गेले असंच वाटलं. मग तिनं टाक्यांकडे बघितलं. बुडबुडे नाहीत. फोनवर निरोप आला होता.

'आपल्या जोडणीवर अनोळखी भार आढळला. पुरवठा थांबवला आहे. हा भार आपला आहे का?' खाली दोनच बटणं होती. 'नाही, चोरी आहे.' 'हो, नवा जिवंत माल जोडला आहे.' त्याखाली बारीक अक्षरात, गल्लीच्या बॅटरीतून आत्ता तुमच्या वाट्याला एकशे ऐंशी वॅट. अनोळखी भार एकशे साठ वॅट.

तिचा मीटर मागच्या अंगणात होता, आणि अंगणाच्या भिंतीला भिंत लावून गावंडेंचं घर. मीटरच्या मागच्या तारेवर एक चिमटा बसवलेला होता. कसा, तर सफाईदार. वरचं आवरण नेमकं तेवढंच सोललेलं, सांध्यावर पट्टी घट्ट गुंडाळलेली, तार भिंतीच्या सावलीतून वर खिडकीत नेलेली. कुणा उचल्या माणसाचं ते काम नव्हतं. आयुष्यभर लोकांचे आकडे ओढून काढणाऱ्या लाइनमननं, सत्तरी ओलांडल्यावर, माशांच्या दुकानावर आकडा टाकला होता.

कुंदाच्या डोक्यात तिडीक गेली. 'चोरी आहे' दाबायचं, तिनं मनाशी म्हटलं. पाच मिनिटांत आपली लाइन परत. वायर कापायला वीजवाले येतील, पंचनामा करतील, म्हाताऱ्याची गल्लीभर शोभा होईल, पेन्शनही अडकेल. अडकू दे. अंगठा बटणावर ठेवायच्या आधी फक्त एकदा त्याच्या तोंडावर हे सांगायचं म्हणून ती गावंडेंच्या जिन्यावरून वर गेली.

दार सताड उघडं होतं. आतली हवा तापल्या तव्यावरून आल्यासारखी होती. खिडकीत एक लहान कूलर, त्यातून ती वायर, कूलर बंद. पलंगावर सिंधूकाकू. त्यांच्या अंगावर ओलं लुगडं टाकलेलं, ते कडेनं वाळायला लागलेलं. तोंड अर्धवट उघडं, श्वास भरभर आणि उथळ. कुंदानं हात लावला. चामडी कोरडी होती, घामाचा टिपूसही नाही. थर्मामीटर उशाशी होता, त्यावर एकशे चार दिसत होतं.

गावंडे कोपऱ्यात बादलीत फडकं बुडवत होते. ते उठले नाहीत.

"दवाखान्यात काऊन नाई नेलं?"

"नेलं होतं सकाळी. वऱ्हांड्यात बी जागा नाई. घरी नेऊन थंड ठेवा म्हणे." त्यांनी फडकं पिळलं. "अर्धा तास चालला कूलर. तेवढ्यात ताप उतरला होता. मंग तुमच्या मशीननं धरलं."

"माह्या तारेवर आकडा टाकला तुमी."

"टाकला."

"लाज नाई वाटली?"

"वाटली," गावंडे म्हणाले. "दाबा काय दाबायचं ते."

कुंदानं फोन वर धरला. गावंडे बघत होते, हात जोडत नव्हते, आणि ते हात जोडत नव्हते याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. वीज जाऊन चौदा मिनिटं झाली होती. खाली सात नंबरमध्ये जोडी आता पाण्याच्या वरच्या थराला आली असेल, कल्ले फडफडवत असेल. पिल्लं अंगावरून सुटायला लागली असतील. काकूंचा डावा हात चादरीवर एकसारखा हलत होता, काहीतरी निवडत असल्यासारखा.

तिनं 'हो, नवा जिवंत माल' दाबलं.

अर्ज उघडला. नग क्रमांक सत्तावीस. प्रजाती? तिनं 'इतर' निवडलं. संख्या? एक. मग शेवटचा प्रश्न आला, विजेविना तग, मिनिटांत.

"काकू लाइनीशिवाय किती मिनिटं काढतीन?" तिनं विचारलं.

"काय?"

"आकडा पायजे. यात भरा लागते. किती मिनिटं?"

गावंडेंनी मान ताठ केली. इतक्या वर्षांची सवय एका क्षणात जात नाही. "तिले सवय हाये उन्हाची. शेतात राबलेली बाई हाये. काढते दोन तास सहज."

कुंदाच्या बोटाखाली एक आणि दोन हे आकडे होते. एकशे वीस लिहिलं की झालं. त्यानंच सांगितलं, तिनं लिहिलं, कुणी तिला बोल लावू शकलं नसतं. एकशे वीसपेक्षा चाळीस कमी. तराजू कूलर सोडून सात नंबर चालू करेल. चोरीचा बोभाटा नाही, पाप नाही, चौदा वर्षांची मेहनत शाबूत. तिनं एक दाबलं, दोन दाबलं. शून्यावर बोट थांबलं. काकूंचा हात अजून तेच करत होता.

तिनं दोन्ही आकडे पुसले.

"काकाजी, नीट ऐका. खाली माह्या जोडीचा तग चाळीस मिनिटं हाये. तुमचा आकडा चाळीसच्या वर गेला तर लाइन मासोयाइले जाते. खाली आला तर इथं येते. दोन्हीइले पुरत नाई. तुमी जन्मभर सगळ्याइले सांगत आले, आमाले काई होत नाई, आमी सोसतो. आज खरं सांगा. किती?"

गावंडेंनी बायकोकडे बघितलं. उठून लुगड्याची वाळलेली कड चाचपली.

"दहा," ते म्हणाले. "दहा मिनिटं बी नाई काढत ते आता."

तिनं दहा लिहिलं. तराजूनं तीन मिनिटं घेतली. मग खिडकीतला कूलर खाकरला आणि फिरायला लागला, आणि खोलीत ओल्या वाळ्याचा वास पसरला. दुकानात टाक्यांच्या एकेका रांगेला एक मोठा पंप होता, आणि उरलेल्या वीस वॅटवर तसा एकही चालणार नव्हता.

"आता खाली चला," कुंदा म्हणाली. "त्याइले हवा हातानं द्या लागते. ते तुमी द्यान."

दुकानात तिनं गावंडेंना सात नंबरपुढे उभं केलं, हातात स्टीलचा मग दिला. टाकीतलंच पाणी घ्यायचं आणि वीतभर उंचीवरून परत ओतायचं. पाणी फुटतं तेव्हा हवा आत जाते. वीजच नव्हती तेव्हापासूनची ही युक्ती आहे. तिनं सात नंबरच्या रांगेचा पंप आणि सात नंबरचा फिल्टर, दोन्हींची बटणं बंद केली.

"पिल्लांवर धार नका सोडू. बाजूनं. अन् थांबायचं नाई. बाकी कशाले हात लावायचा नाई."

"काऊन?"

"नाई लावायचा म्हणजे नाई लावायचा. सगळं समजून सांगायले मी तुमची मास्तरीण नाई."

कुंदा बाकीच्या टाक्यांमधून धावत होती, इथे दोन मग, तिथे चार. गोरामी वरची हवा घेऊन निभावून नेत होते. गोल्डफिश साडेतीनपासून उलटायला लागले; ती त्यांना बादलीत टाकत पुढे जात राहिली. त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. गावंडे खांबावर चढल्यासारखे पाय रोवून उभे होते. मग खाली, मग वर. दर अर्ध्या तासानं ते वर जाऊन काकूंना बघून यायचे, तेवढा वेळ कुंदा मग धरायची. ताप एकशे दोनवर आला, मग शंभरवर. जोडी काळवंडली होती, पंख मिटून होती, पण सरळ होती. पाच वाजता पिल्लं पुन्हा आईच्या अंगाला चिकटली. गावंडेंनी ते पाहिलं आणि तोंड उघडलं, पण कुंदानं तिकडे पाठ केली.

साडेपाचला फोन वाजला. 'नग सत्तावीस. जिवंत मालाची दिवसातून दोनदा मालकानं जवळ जाऊन खात्री करावी. जिवंत आहे का?' मालकीण ती होती, फोन कुठे आहे हे तराजूला कळत होतं. ती वर गेली.

खोली बरीच निवली होती. काकू जाग्या होत्या. त्यांनी डावी पापणी हलवली, कुंदाला ओळखलं असावं. कुंदानं त्यांच्या कपाळावर हात ठेवून 'हो' दाबलं. सहा महिन्यांनी ती आज या खोलीत उभी होती, आणि माल मोजायला आली होती. तिला एकदम रडू फुटलं, काकूंसाठी की स्वतःसाठी ते तिला कळलं नाही. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा हलला. मग ट्यूबलाइट लागली. गल्लीतून पोरांचा ओरडा आला. लाइन आली होती.

दोन पायऱ्या एकेका पावलात टाकत ती खाली आली तरी उशीर झाला होता.

सात नंबरचा फिल्टर घरघरत होता. नळीच्या तोंडातून काळ्या पाण्याचा पट्टा टाकीत उतरत होता आणि दुकानभर सडक्या अंड्याचा वास सुटला होता. गावंडे मग हातात धरून बाजूला उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ते समाधान तिच्याकडे बघता बघता उतरत गेलं.

"लाइन आली होती," ते म्हणाले. "म्हणून मी लावलं."

चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. लाइन आली की बटण लावायचं, लोकांची तोंडं उजळतात. कुंदानं वायर उपसली, पाणी काढलं, बोअरचं ताजं पाणी ओतलं, ओतत राहिली. आधी पिल्लं गेली, राखेसारखी खाली बसली. मग मादी तिरकी झाली. नर तिच्याभोवती एकदा फिरला आणि पाच-सात मिनिटांत तोही आडवा झाला. तिची चौदा वर्षांची मेहनत मातीत जायला त्याहून जास्त वेळ लागला नाही.

कुंदानं हात पुसले. सवयीनं टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, टाकीशेजारी उभं केलं, फोन वर धरला. चौकटीत दोन्ही मासे नीट बसत होते. फोटो गेला की उद्या निरीक्षक येणार, टाक्या बघणार, तारा बघणार. मागच्या अंगणात जाणार. तिनं फोन खाली घेतला आणि वर्तमानपत्राची घडी केली.

"दुकानातून बाहेर व्हा," ती गावंडेंना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पुन्हा इथं पाय ठेवू नका."

गावंडेंनी मग टेबलावर ठेवला. दारापर्यंत गेले. "तो आकडा," ते म्हणाले, "आता काढून घेतो."

"हात लावू नका त्याले. सकाळी आठले अन् संध्याकाळी साडेपाचले मी वर येईन. दार उघडं ठेवा. काकूले बघीन अन् जाईन. तुमच्याशी बोलायले येत नाई मी."

ते गेले. गल्लीत पंखे फिरत होते, कुणाच्या तरी घरी टीव्ही लागला होता. कुंदानं सात नंबरचा डबा खोलून काळं पाणी गटारात ओतलं आणि तो घासायला घेतला, आता त्याची गरज नव्हती तरी. घासता घासता फोन पुन्हा वाजला.

'नग सात. डिस्कस, जोडी. जिवंत आहेत का?'

टाकीत दोघं एकमेकांशेजारी पडलेले होते. कुंदानं ओल्या अंगठ्यानं 'हो' दाबलं आणि डबा पुन्हा घासायला घेतला.